पडद्यावरील लेखन : अक्षर, रचना आणि वाचक



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य, नाट्यसंगीत, संस्थानकालीन शिक्षण अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांनी विचार मांडले आहेत. त्या पंक्तीत संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यासाठी कसे लिहावे हा विषय काहीसा उपरा वाटण्याचा संभव आहे. तो निवडण्यास सबळ कारण आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी शाळेच्या हाकेच्या अंतरावर आज फार थोडे राहतात. कोणी पुण्यास आहे, कोणी बंगळुरास, कोणी सातासमुद्रापलीकडे. त्यांची आणि शाळेची गाठ पडते ती पडद्यावर. या शहरात राहून आपल्या मुलाला मराठी माध्यमात घालावे की नाही, या विवंचनेत असलेला तरुण पालकही प्रथम हातातील मोबाइललाच विचारतो. त्या ठिकाणी शाळेविषयी मराठीत जे सापडत नाही, ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या मराठी भाषकांना हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे, कारण आपल्या भाषेच्या पाट्या रस्त्यावर नाहीत.

मी आयुष्यातील बराच काळ मुद्रणप्रतींच्या संस्करणात घालविला आणि गेली काही वर्षे संस्थांचा मराठी मजकूर पडद्यासाठी तयार करून देतो. या अनुभवातून माझे एक मत बनले आहे. छापील मजकुराची मांडणी मुद्रक पाहत असे. पडद्यावर मात्र मांडणी हा लेखनाचाच भाग असतो आणि तिची जबाबदारी लेखकाला झटकता येत नाही.

हा विचार परदेशातून आयात केलेला नवा विचार आहे असे समजण्याचे कारण नाही. निदान बडोद्यात तरी नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी इ. स. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. १९१३ पर्यंतच्या वास्तव्यात बॉर्डन यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, ग्रंथपालांसाठी वर्ग चालविले, पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धत ठरविली आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठविण्याची योजना आखली. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलेनी’ नावाचे त्रैमासिक इंग्रजीबरोबर मराठी व गुजराती मजकुरासह निघू लागले. या सर्व खटाटोपाच्या मुळाशी एकच प्रश्न होता. ग्रंथ आहे हे खरे, परंतु ज्याला तो हवा आहे त्याचा हात तेथवर पोहोचणार कसा? पडद्यासाठी लिहिणाऱ्यापुढेही नेमका हाच प्रश्न असतो. फरक एवढाच की ग्रंथपालाचे काम आता लेखकाच्या अंगावर आले आहे.

पडद्यावर माणूस वाचतो कसा, याची पाहणी १९९० नंतरच्या दशकात सुरू झाली. जेकब नील्सन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शंभरापैकी ७९ वाचक नव्या पानावरून केवळ नजर फिरवीत असल्याचे आणि शब्दन् शब्द वाचणारे अवघे १६ असल्याचे आढळले. २००६ मध्ये त्यांनी २३२ जणांच्या नेत्रहालचाली टिपल्या, तेव्हा नजरेचा माग पुष्कळदा रोमन लिपीतील ‘एफ’ या अक्षरासारखा उमटलेला दिसला. वरची एक ओळ बहुधा पूर्ण, खालची एक अर्धवट आणि नंतर डाव्या कडेने खाली घसरत जाणे, असा तो प्रकार. या पाहण्या मुख्यतः इंग्रजी वाचकांच्या आहेत. त्यांतील आकडे मराठीला जसेच्या तसे चिकटवू नयेत. तरीही आपली लिपीसुद्धा डावीकडून उजवीकडे जाते, आणि आपल्या घरातील माणसे मोबाइल कसा वाचतात हे आपण रोज पाहतोच.

यावरून ‘हल्ली कोणी वाचत नाही’ असा गळा काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. वाचक आळशी झालेला नसतो, तो कामात असतो. कादंबरी हाती घेणारा माणूस लेखकाच्या स्वाधीन होऊन बसतो. पडद्यावर ‘पहिलीचा प्रवेश कधी?’ असे विचारणारा मनुष्य स्वयंपाकघरात उभा असतो किंवा बसमध्ये लोंबकळत असतो. शिवाय तो मुख्य दरवाजाने येत नाही. शोधयंत्र त्याला थेट सातव्या पानावर आणून सोडते. मागील सहा पाने त्याने वाचली आहेत असे गृहीत धरून लिहिलेले वाक्य त्याच्या दृष्टीने अर्धेच असते. म्हणून पडद्यावरील प्रत्येक पानाने आपली ओळख स्वतः सांगितली पाहिजे : हे कोणाचे, कशाविषयी, कोणत्या वर्षाचे. ‘यंदा’, ‘नुकतेच’, ‘येत्या सोमवारी’ हे शब्द कागदावर निरुपद्रवी असतात, कारण कागद जुना होतो आणि तसा दिसतोही. पडद्यावरील पान पिवळे पडत नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. कोणत्याही शाळेच्या फलकावर शोभेल असा हा मजकूर पाहा.

‘सर्व संबंधित पालकवर्गास या सूचनेद्वारे कळविण्यात येते की, आगामी शैक्षणिक वर्षाकरिता इयत्ता पहिलीच्या वर्गातील प्रवेशासंबंधीची कार्यवाही सुरू करण्यात येत असून, इच्छुक पालकांनी आवश्यक त्या कागदपत्रांसह कार्यालयीन वेळेत संपर्क साधावा.’

व्याकरणदृष्ट्या यात खोट नाही. भाषाही आदबशीर आहे. परंतु आगामी वर्ष म्हणजे कोणते, आवश्यक कागदपत्रे कोणती, कार्यालयीन वेळ कोणती आणि संपर्क कोणाशी, या चारही प्रश्नांची उत्तरे त्यात नाहीत. तरी वर्षानुवर्षे अशा सूचनांवर काम निभावले, याचे कारण फलकाशेजारच्या खोलीत कारकून बसलेला असे. सूचना वाचून पालक आत डोकावत आणि ‘अहो भाऊसाहेब, काय काय आणायचे?’ असे विचारीत. सूचनेचे अपुरेपण तो माणूस भरून काढी. पडद्याशेजारी कोणी बसलेले नसते. आता त्याच मजकुराचा हा दुसरा नमुना ऐका.

‘इयत्ता पहिली प्रवेश, शैक्षणिक वर्ष २०२६-२७. ज्या मुलामुलींची १ जून २०२६ रोजी ६ वर्षे पूर्ण होतात, त्यांना प्रवेश घेता येईल. येताना मुलाचा जन्मदाखला, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि दोन छायाचित्रे आणावीत. शाळेचे कार्यालय सोमवार ते शनिवार, सकाळी ११ ते दुपारी २ या वेळात उघडे असते. शाळा मराठी माध्यमाची आहे. घरी मराठी बोलत नसलेल्या मुलांनाही प्रवेश मिळतो.’

शेवटचे वाक्य मूळ सूचनेत नव्हते. ते कोठून आले? पालक काय विचारतात याचा शोध घेतल्यावर आले. या शहरात कितीतरी घरांत आई मराठी आणि वडील गुजराती, किंवा उलट, असे आहे; आणि त्यांच्या मनातील पहिली शंका वयाची किंवा कागदपत्रांची नसून हीच असते. ब्रिटिश सरकारने आपली विखुरलेली संकेतस्थळे २०१२ मध्ये एका ठिकाणी आणली, तेव्हा त्या कामात असलेल्या सॅरा रिचर्ड्स यांनी या पद्धतीस ‘कंटेंट डिझाइन’ असे नाव दिले आणि २०१७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. आपण तिला ‘मजकूररचना’ म्हणू. संस्थेला काय सांगायचे आहे येथून आरंभ न करता वाचकाला काय हवे आहे येथून आरंभ करावा, हे त्यातील सूत्र. वाचकाला हवे असलेले उत्तर कधी परिच्छेद असेल, कधी तक्ता, कधी नकाशा, तर कधी नुसता एक दूरध्वनी क्रमांक.

वाचकाचा शब्द कोणता, हाही त्याच शोधाचा भाग आहे. आपण घरी ‘बडोदे’ म्हणतो, वडीलधारी मंडळी ‘बडोदा’ म्हणतात आणि १९७४ पासून शहराचे अधिकृत नाव ‘वडोदरा’ आहे. ‘वडोदरा मराठी शाळा’ असे टाइप करणाऱ्याला केवळ ‘बडोदे’ लिहिलेले पान सापडेलच असे नाही. मग आपला शब्द सोडावा काय? मुळीच नाही. पत्त्यात ‘वडोदरा’ येऊ द्यावे, निवेदनात ‘बडोदे’ राहू द्यावे. ‘प्रवेश’ या शब्दाशेजारी एके ठिकाणी ‘ॲडमिशन’ आल्याने मराठी बुडत नाही. याच नगरीत १९३१ मध्ये ‘सयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराचा कोश सिद्ध झाला आणि त्यात एकेका इंग्रजी संज्ञेसमोर मराठी, गुजरातीसह अनेक भाषांतील पर्याय मांडलेले होते. अनेक दारांनी येणाऱ्या वाचकाला एकाच अर्थापाशी नेण्याची ती रीत आजही उपयोगी पडते.

यानंतरचा भाग थोडा तांत्रिक आहे, परंतु तो टाळून चालणार नाही. पडद्यावर दिसणारे अक्षर हे खरोखर अक्षर असते की अक्षराचे चित्र?

१९९० च्या दशकात छापखान्यांतून संगणक आले. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम अशा प्रणालींनी मराठी मुद्रणाची मोठी सेवा केली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु त्या काळच्या टंकांत एक सोय केलेली असे. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या घरांत देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. एखाद्या रोमन अक्षराच्या घरात काना, दुसऱ्याच्या घरात अर्धा ‘स’. कागदावर छापून निघेपर्यंत यात कोणतीच अडचण नव्हती. पण यंत्राच्या स्मृतीत मराठी नसे, रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असे, आणि प्रत्येक कंपनीची खिचडी निराळी. तो विशिष्ट टंक नसलेल्या संगणकावर ती धारिका उघडली की पडद्यावर अर्थहीन चिन्हांचा कचरा दिसतो. अनेक शाळांच्या स्मरणिका, सुवर्णमहोत्सवी अंक आणि माजी विद्यार्थ्यांच्या याद्या आज याच अवस्थेत कपाटातील तबकड्यांत पडून आहेत. शंभर वर्षांपूर्वीचे खिळ्यांनी छापलेले पुस्तक वाचता येते आणि तीस वर्षांपूर्वीची धारिका वाचता येत नाही!

यावरील उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. त्यातील देवनागरीचा आराखडा भारतात तयार झालेल्या इस्की या संकेतप्रणालीच्या १९८८ च्या रूपावर बेतलेला आहे. यात प्रत्येक वर्णास आणि स्वरचिन्हास जगभर एकच क्रमांक असतो. टंक बदलला तरी अक्षर बदलत नाही. विंडोज २००० बरोबर देवनागरी युनिकोड सामान्यांच्या संगणकात आले आणि त्यासोबतचा ‘मंगल’ हा टंक कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला होता. जो मजकूर उद्या कोणाला शोधावा, वाचावा किंवा ऐकावा लागणार आहे, तो युनिकोडमध्येच असावा. या बाबतीत मी तडजोड मानीत नाही.

युनिकोडमध्ये लिहिले म्हणजे सारे संपले, असेही नाही. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ या दोन वाक्यांत समारंभाच्या दिवशी केवढा फरक पडेल हे सांगायला नको. दुसऱ्या शब्दातील तो अर्धा ‘ऱ’ ही मराठीची खास गरज आहे आणि तो यंत्रात दोन प्रकारे लिहिता येतो : एक, नुक्ता असलेल्या ‘ऱ’ ला हलन्त जोडून, दोन, साध्या ‘र’ ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या हिशेबी ते दोन निराळे शब्द आहेत. ‘ॲ’ ची कथाही तशीच. त्यास स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. तोवर ‘अ’ वर चंद्र देऊन तो लिहीत, आणि अनेक कळफलकांवरून अजूनही तसाच उमटतो. एका लेखात एक आणि दुसऱ्यात दुसरे रूप असेल, तर साध्या शोधात अर्धे लेख निसटतात. म्हणून संस्थेने कोणते रूप वापरायचे ते एकदा ठरवून सर्व टंकलेखकांना लेखी द्यावे. छापखान्यात शुद्धलेखनाचे नियम भिंतीवर लावलेले असत, तसेच हे.

मोजणीचेही एक कौतुक आहे. ‘विद्यार्थी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. यंत्र त्यात दहा चिन्हे मोजते. मोबाइलवरील एका लघुसंदेशात इंग्रजी १६० अक्षरे बसतात, देवनागरीची मात्र ७० चिन्हे. पालकांना संदेश पाठविणाऱ्या शिक्षकांनी ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की’ एवढ्यातच संदेशाचा निम्मा भाग खर्ची पडतो हे ध्यानी घ्यावे. संक्षेपाची याहून कडक शाळा नाही.

अक्षराचे चित्र करण्याचा मोह आता नव्या रूपात आला आहे. सूचना सुबक नक्षीत, रंगीत पार्श्वभूमीवर तयार करायची आणि तिची प्रतिमा समूहांवर पाठवायची. दिसते छान. परंतु त्या प्रतिमेतील मजकूर साध्या शोधात सापडत नाही, त्यातील क्रमांकावर बोट ठेवून दूरध्वनी लागत नाही, अक्षर मोठे करावे तर अर्धी ओळ पडद्याबाहेर जाते. आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचे काय? दृष्टिहीन व्यक्ती पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रणाली वापरतात. २००६ पासून विनामूल्य मिळणारी एनव्हीडीए ही त्यांपैकी एक, आणि ती मराठीही वाचते. मात्र तिला अक्षर हवे. चित्रापाशी ती केवळ ‘प्रतिमा’ एवढेच म्हणते. चित्र घालायचे असेल तर त्याचे दोन ओळींत वर्णन जोडावे, आणि सूचनेचा संपूर्ण मजकूर त्याखाली अक्षरांत द्यावा.

या प्रणालीकडे पाहिल्यावर मथळ्यांचे मर्मही उलगडते. डोळस वाचक नजर फिरवून मथळा हेरतो. दृष्टिहीन वाचक एक कळ दाबून या मथळ्यावरून त्या मथळ्यावर उडी घेतो. पण त्यासाठी मथळा यंत्राला मथळा म्हणून सांगितलेला असावा लागतो. नुसते ठळक आणि मोठे केलेले अक्षर यंत्राच्या दृष्टीने साधे वाक्यच. दुव्यांचेही असेच. दुव्यांची यादी ऐकणाऱ्याला ‘येथे टिचकी मारा’ हे शब्द आठ वेळा ऐकू आले तर त्याने काय समजावे? ‘शालेय शुल्काचा तक्ता’ असे दुव्यातच लिहावे. दृष्टिहीनांसाठी केलेली ही सोय घाईतील डोळस वाचकालाही तितकीच उपकारक ठरते, असा माझा अनुभव आहे.

देखणेपणाविषयी थोडक्यात. देवनागरीला वर मात्रा-रफार आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींतील अंतर रोमनपेक्षा अधिक ठेवावे. अक्षरे सुटी करून पसरल्यास शिरोरेखा तुटते. ते करू नये. तिरपा टंक ही आपल्या लिपीची परंपरा नव्हे. अरुंद पडद्यावर दोन्ही कडा जुळविण्याचा हट्ट धरल्यास आपल्या लांब सामासिक शब्दांमुळे मध्ये भगदाडे पडतात, म्हणून डावी कडाच सरळ ठेवावी. फिकट राखी अक्षरे तरुण रचनाकारांना फार आवडतात. जगन्मान्य निकषानुसार साध्या मजकुराच्या अक्षराच्या आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात किमान साडेचारास एक इतके प्रमाण असावे. आपल्या माजी विद्यार्थ्यांत साठी ओलांडलेले किती आहेत, याचा विचार करून मी तर काळ्याचाच आग्रह धरीन.

हे सारे शिकावे कसे? यासाठी मोठा अभ्यासक्रम लागत नाही. मी माझ्या वर्गात एकच पाठ पुन्हा पुन्हा देतो. लिहिलेला मजकूर घरातील एखाद्या मावशीच्या किंवा काकांच्या मोबाइलवर उघडून द्यायचा, त्यांना एक प्रश्न सोडवायला सांगायचे, आणि आपण तोंड मिटून बघत बसायचे. बोट कोठे थबकते, कोणती ओळ दोनदा वाचली जाते, ‘अरे, हे कुठे आहे?’ असे कधी म्हणतात, ते टिपायचे. विद्यार्थ्यांना सर्वांत कठीण जाते ते तोंड मिटून बसणे. मग तो मजकूर फिरून लिहायचा. आपल्या नववीच्या मुलांनी वाचनालयाचे नियम अशा रीतीने लिहून पाहिले, तेव्हा एकवीस नियमांचे सहा झाले आणि उरलेले पंधरा वाचकांसाठी नसून ग्रंथपालांसाठीच होते असे आढळून आले.

शेवटी आपल्या शाळेच्या वार्षिक अंकांविषयी. ते पडद्यावर आणण्याचे काम शाळेने हाती घेतले आहे. प्रत्येक पानाचे छायाचित्र आणि त्यासोबत युनिकोडमध्ये संपूर्ण मजकूर, असे त्याचे स्वरूप ठरले आहे. छापील पानावरून मराठी अक्षरे ओळखणाऱ्या प्रणाली आता उपलब्ध आहेत. परंतु जुन्या खिळ्यांच्या छपाईत अनुस्वार, रफार आणि अर्धा ‘ऱ’ यांपाशी त्या अडखळतात, आणि माणसांची नावे तर त्यांना कोणी सांगितल्यावाचून कळत नाहीत. तेथे मुद्रितशोधन जाणणाऱ्या डोळ्यांची गरज आहे. ज्यांना आठवड्यातून दोन तास देता येतील, त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे. हे काम घरबसल्या, परगावाहूनही करता येते. अंकांच्या मधल्या काही वर्षांच्या प्रती शाळेच्या संग्रहात नाहीत. कोणाच्या माळ्यावर त्या असतील तर आठवडाभरासाठी द्याव्यात, छायाचित्रे घेऊन परत केल्या जातील. आणि जुन्या समूहचित्रांत उभे असलेल्या ज्यांची नावे आपणांस आठवतात, ती डावीकडून उजवीकडे, ओळीने, एका कागदावर लिहून पाठवावीत.